क्युरेटर व्हायचंय? मग आधी वस्तूंची यादी करायला शिका

डिसेंबर उजाडला की पणजीतल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाचे आणि वर्षाआड कोची बिएनालेचे (ठरावीक वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन) फोटो सगळीकडे दिसायला लागतात, आणि मग मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातली, पुण्याच्या अभिनवमधली, कुठल्या ना कुठल्या आर्किटेक्चर कॉलेजातली पोरं विचारतात की हे क्युरेटर (प्रदर्शन रचणारा) व्हायचं कसं, कोर्स कुठला, पैसे मिळतात का. तिन्हीची उत्तरं खाली आहेत, फक्त त्या क्रमाने नाहीत, कारण कोर्सचा प्रश्न पहिला नाहीच.

पहिला प्रश्न हा की ही माणसं दिवसभर करतात काय. बाहेरून दिसतं ते ओपनिंगच्या संध्याकाळी छान कुर्ता घालून माइकवर बोलणं. आत काय चालतं तर एखादा मुद्दा पकडायचा, त्याला धरून कलाकार किंवा वस्तू शोधायच्या, त्या मिळवायच्या (म्हणजे फोन, मग परत फोन, मग घरी जाऊन चहा), कागदपत्रं करायची, हॉलचा नकाशा, सुतार, इलेक्ट्रिशियन, टेम्पो, मजकूर, मजकुराची प्रुफं, आणि सगळं संपल्यावर प्रत्येक वस्तू जिथून आणली तिथे धडधाकट पोचवायची. विचार करण्याचा भाग महत्त्वाचा आहेच, पण वेळेच्या हिशेबात तो थोडा. ज्याला याद्या करायचा मनापासून कंटाळा आहे त्याने समीक्षा लिहावी, चित्रं काढावीत, पण या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

कोचीचंच घ्या ना. २०२२ च्या बिएनालेची क्युरेटर शुबिगी राव, कलाकार नावाजलेले, संकल्पना तयार, आणि तरी १२ डिसेंबरला जे उघडायचं होतं ते ऐनवेळी २३ डिसेंबरवर ढकलावं लागलं. सहभागी कलाकारांनी नंतर उघड पत्र लिहिलं त्यातल्या तक्रारी कसल्या होत्या, तर वेळेत न आलेलं सामान, जागेत शिरलेलं पावसाचं पाणी, वीज, उपकरणं. संकल्पनेवर कोणी बोललं नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं तर तुमच्या गावच्या हॉलमध्ये पण होणार, तेव्हा तयारी त्याची करा.

पायरी पहिली: बघा, आणि फुकट आहे तोवर भरपूर बघा

मुंबईत असाल तर काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२ पासून), समोर रस्ता ओलांडला की एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ ला सुरू झालं), बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हे सगळं चालत. मग फोर्ट-कुलाब्यातल्या खाजगी गॅलऱ्या: केमोल्ड, जी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि आता प्रेस्कॉट रोडवर आहे, चॅटर्जी अँड लाल, प्रोजेक्ट ८८ वगैरे. या गॅलऱ्यांना तिकीट नसतं. काचेचं दार, आत एसी, टेबलामागे एक गंभीर मुलगी, ते बघून निम्मी पोरं बाहेरूनच परत फिरतात. दार ढकलायचं आणि आत जायचं, कोणी काही विचारत नाही, विचारलंच तर "बघायला आलोय" पुरतं. जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो तेव्हा तर सगळीकडे नवीन शो आणि कलाकार स्वतः फिरवून दाखवतात. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक, तिथे दर आठवड्याला काहीतरी असतंच आणि खरं सांगायचं तर वाईट पद्धतीने लावलेलं प्रदर्शन बघून जास्त शिकायला मिळतं.

बघायचं काय? चित्र तर बघाच, पण चित्रापलीकडचं पण. कशाशेजारी काय लावलंय आणि का. दिवा कुठून येतोय, काचेवर चकाकतोय का. कॅप्शन वाचायला वाकावं लागतं का. लोक कुठे थांबतात, कुठून सरळ निघून जातात, बसायला बाक आहे का. वहीत हॉलचा वेडावाकडा नकाशा काढा आणि आठवड्याला एका प्रदर्शनावर तीनशे शब्द लिहा, मराठीत लिहा, कुठे छापून नाही आले तरी चालतील. सहा महिन्यांत तुमच्याकडे जी वही असेल ती बऱ्याच डिप्लोमांपेक्षा कामाची.

पायरी दुसरी: दार एकच आहे हा गैरसमज काढून टाका

कोचीचे काही क्युरेटर बघा, जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, सगळे स्वतः कलाकार, आणि पहिले दोघं तर जेजेचे. २०११ ला व्हेनिस बिएनालेत भारताचं पहिलं राष्ट्रीय दालन ज्यांनी केलं ते रणजित होस्कोटे कवी आणि समीक्षक. २०१६ मध्ये एनजीएमए मुंबईत 'स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन झालं त्यात होस्कोटेंबरोबर राहुल मेहरोत्रा आणि कैवान मेहता होते, दोघंही आर्किटेक्चरमधून आलेले. आणि झाशा कोला यांनी सुमेश शर्मांबरोबर २०१० ला कुलाब्यात रिगल सिनेमाजवळ क्लार्क हाउस सुरू केलं, एका जुन्या ऑफिसच्या जागेत, जेजेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना घेऊन. त्या गोतावळ्यातले अमोल पाटील जर्मनीतल्या २०२२ च्या डॉक्युमेंटा या मोठ्या कला प्रदर्शनात होते, चंद्रपूरच्या कोळसा खाणींवर काम करणारे प्रभाकर पाचपुते जगभर दाखवले गेले, आणि कोला २०२५ च्या बर्लिन बिएनालेच्या क्युरेटर झाल्या. यात शिकण्यासारखं काय तर आपल्याच वयाच्या, आपल्याच शहरातल्या कलाकारांबरोबर सुरुवात करा, मोठ्या नावांच्या मागे लागू नका, ती नावं तुमचा फोन उचलणारही नाहीत आणि उचलला तर त्यांच्या गॅलरीकडे पाठवतील.

आता कोर्स. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक-समकालीन भारतीय कला आणि क्युरेशनवर पदव्युत्तर डिप्लोमा चालवलाय, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्र) आहे, बडोद्याला कलेतिहास, दिल्लीत जेएनयू, आणि डिझाइनच्या बाजूने यायचं असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) एक्झिबिशन डिझाइन. फी, तारखा दरवर्षी बदलतात त्या त्यांच्याच साइटवर बघा. परदेशात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा क्युरेटिंगचा कोर्स १९९२ पासूनचा आहे, नाव मोठं, खर्चही मोठा. माझं म्हणणं, कर्ज काढून जाऊ नका, शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा, आणि जायच्या आधी एक तरी प्रदर्शन स्वतःच्या हाताने लावलेलं असू दे, म्हणजे तिथे काय विचारायचं ते तरी कळेल.

पायरी तिसरी: पहिलं प्रदर्शन करा, आणि छोटं करा

हा लेखाचा मुख्य भाग, इथे वेळ घालवा. उदाहरण म्हणून डिझाइनचं प्रदर्शन घेऊ, कारण त्याला चित्रकाराची परवानगी, विक्री, कमिशन ही भानगड नसते आणि वस्तू घराघरात सापडतात. समजा विषय घेतला एसटी. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येकाची एसटीबद्दल काही ना काही आठवण आहे, आणि घोळ नेमका तिथेच होतो. "एसटीच्या आठवणी" हा विषय नाही, तो नुसता मूड झाला. त्यात काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवायला काही आधारच राहत नाही, मग जो जे आणून देईल ते मांडायचं, आणि शेवटी जत्रा होते.

त्याऐवजी प्रश्न धरा. ज्या प्रवाशाला वाचता येत नव्हतं त्याला एसटी कशी कळायची? आता बघा कशी भराभर यादी होते. तिकिटांचा ट्रे, कारण वेगवेगळ्या किमतीची तिकिटं वेगवेगळ्या रंगांची. कंडक्टरचा तिकीट टोचायचा चिमटा आणि त्याची टिकटिक. दोरी आणि घंटा. स्टँडवरची लाउडस्पीकरची घोषणा, ती रेकॉर्ड करून घ्यायची. गाडीचा लाल रंग, जो लांबून दिसतो. समोर अडकवायची गावाच्या नावाची पत्र्याची पाटी पण हवी, कारण ती ज्याला वाचता येते त्याच्यासाठी आहे आणि त्या फरकाने मुद्दा उलट बाजूनेही दिसतो. सीटचं फाटकं रेक्झिन? कितीही गोड वाटलं तरी बाहेर, ते या प्रश्नाचं उत्तर देत नाही. हे बाहेर ठेवणं म्हणजेच क्युरेशन, बाकी नुसतं गोळा करणं कुणालाही जमतं. साध्या वस्तूकडे असं बघायची सवय आपल्याकडे नवीन नाही, अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ च्या इंडिया रिपोर्टमध्ये आपल्या लोट्याबद्दल जे लिहिलंय, तो हातात कसा धरला जातो, भरलेला आणि रिकामा कसा तोलला जातो, गळतो का, किंमत काय, ते एकदा वाचाच, नेटवर मिळतो तो रिपोर्ट आणि एनआयडी त्यातूनच उभी राहिली.

मग यादी. एक्सेल शीट उघडा आणि कॉलम करा: नंबर, वस्तू, मालक, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, कशाची बनलीय, सध्याची अवस्था, विम्यासाठीची किंमत, कशी मांडणार, कॅप्शन लिहून झालं का, परत कधी द्यायची. पहिल्या प्रदर्शनाला बारा-पंधरा वस्तू भरपूर झाल्या. ही शीट म्हणजे तुमचं प्रदर्शन, नंतर नकाशा, बजेट, टेम्पो, विमा सगळं यातूनच निघतं, आणि ज्या दिवशी ही शीट अपडेट करायची राहते त्या दिवसापासून गोंधळ सुरू.

वस्तू आणताना. निवृत्त कंडक्टर काकांकडे ट्रे आहे असं कळलं, गेलात, काका खुश, म्हणाले न्या हो, कागद कशाला. कागद करायचाच. दोन प्रती, त्यात वस्तूचं वर्णन, कधी नेली, कधी परत, वाटेत काय झालं तर जबाबदारी कुणाची, फोटो काढायची आणि छापायची परवानगी आहे का, कॅप्शनमध्ये नाव द्यायचं का. त्यांच्यासमोरच चारी बाजूंनी फोटो घ्या आणि आधीची चीर, गंज, डाग सगळं लिहून काढा, यालाच कंडिशन रिपोर्ट म्हणतात, आणि तो परत देताना पुन्हा त्यांच्यासमोर उघडायचा. किंमत विचारली की काका म्हणणार "अहो त्याची काय किंमत", तरी दोघांनी मिळून एक आकडा ठरवून लिहा. विमा घेणार असाल तर त्यांच्या कपाटातून निघाल्यापासून त्यांच्या कपाटात परत जाईपर्यंतचा घ्या, फक्त हॉलमधल्या दिवसांचा नाही, कारण वस्तू फुटतात त्या टेम्पोत आणि जिन्यात.

महामंडळाच्या ताब्यातलं काही हवं असेल, किंवा स्टँडवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर विभागीय कार्यालयात रीतसर अर्ज, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ईमेल केला होता याला काही अर्थ नसतो.

कागदाची तिकिटं नाजूक असतात. चिकटवायची नाहीत, लॅमिनेट तर अजिबात नाही, सेलोटेप दिसला तर काढून घ्या हातातून. फोटो कॉर्नर लावून काचेखाली ठेवा आणि प्रकाश कमी ठेवा, कागद आणि कापडासाठी साधारण ५० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) नियम आहे, तैलचित्राला २०० पर्यंत चालतं. मोबाइलच्या लक्समीटर ॲपने अंदाज येतो. खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल तर पडदा, नाहीतर त्या भिंतीला काही नाजूक लावूच नका. आणि कोकण-मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर कागदाचं प्रदर्शन टाळा, बुरशी धरते.

हॉल. आयोजकांनी दिलेल्या मापांवर विश्वास ठेवू नका, टेप घेऊन स्वतः मोजा, दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि प्लग पॉइंट पण. ग्राफ पेपरवर दोन सेंटिमीटरला एक मीटर धरून नकाशा काढा आणि वस्तूंचे त्याच मापाचे कागदी तुकडे कापून हलवत बसा. दारातून आत आल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, उजवीकडे वळल्यावर काय, ट्रे आणि पाटी एका नजरेत येतात का.

फ्रेम लावायची रीत एकदा नीट शिकून घ्या, आयुष्यभर पुरते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर येऊ द्यायचा, सगळ्या फ्रेमचा, मग त्या लहान असोत की मोठ्या. खिळ्याची उंची अशी: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं. म्हणजे फ्रेम ३० इंच उंच आणि तार ३ इंच खाली असेल तर ५८ अधिक १५ वजा ३, खिळा ७० इंचांवर. मुलांसाठी प्रदर्शन असेल तर अर्थात खाली घ्या. आणि भिंत काँक्रीटची आहे की प्लायची हे आदल्या आठवड्यात बघून ठेवा, नाहीतर ओपनिंगच्या सकाळी ड्रिल शोधत फिरायची पाळी येते.

मजकूर. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त माती खातात. "सदर प्रदर्शन गतिशीलता आणि स्मृती यांच्या अंतर्संबंधांचा वेध घेते" असलं काही लिहून भिंतीवर लावलं की लोक पहिल्या ओळीत सुटतात. हे लिहा: "कंडक्टरने एकदा घंटा वाजवली की गाडी थांबायची, दोनदा वाजवली की निघायची. हे कळायला वाचता यायची गरज नव्हती." सुरुवातीच्या भिंतीवर सव्वाशे-दीडशे शब्द, त्यापेक्षा जास्त कोणी उभ्याने वाचत नाही. कॅप्शनमध्ये वस्तूचं नाव, साल, कशाची, कुणाकडून मिळाली, आणि दोन ओळी. मजकूर मराठीत आधी लिहा, इंग्रजी लागलंच तर नंतर वेगळं लिहा, इंग्रजीवरून ओढूनताणून केलेलं मराठी लगेच ओळखू येतं. छापायच्या आधी घरातल्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा.

बनवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर ते आलंच पाहिजे. लोककलेच्या बाबतीत तर "वारली चित्र, पालघर जिल्हा" एवढ्यावर भागवणारे अजून आहेत. ज्योतींद्र जैन यांनी १९९८ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये 'अदर मास्टर्स' हे प्रदर्शन केलं तेव्हा जिव्या सोमा म्हशे, गंगा देवी, जनगढ सिंग श्याम यांना नाव असलेले, स्वतंत्र शैलीचे कलाकार म्हणूनच मांडलं होतं. पाटी रंगवणारा पेंटर हयात असेल तर त्याला शोधा, ओपनिंगला बोलवा.

समकालीन कलाकाराबरोबर काम असेल तर

यादी, नकाशा, कागद सगळं तेच, पण समोर जिवंत माणूस आहे. स्टुडिओत गेल्यावर लगेच "हे दोन द्या" असं नको, अर्धवट काय पडलंय ते विचारा, गप्प बसून बघा, आणि प्रदर्शन पक्कं नसेल तर तसं सांगा, खोटी आशा लावू नका. निर्मितीचा खर्च कोण देणार, न विकलं गेलेलं काम कोण परत पाठवणार, हे पहिल्याच मेलमध्ये. व्हिडिओ असेल तर प्रोजेक्टर कुणाचा, लूप आपोआप सुरू होतो का, शेजारच्या कामावर आवाज सांडतो का हे जागेवर तपासायचं.

कायद्याचं थोडंसं. चित्र विकत घेतलेल्याकडे चित्र असतं, कॉपीराइट आपोआप येत नाही, तो कलाकाराचा, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं, तेव्हा पोस्टरवर छापायला वेगळी परवानगी. शिवाय कामाची मोडतोड झाली तर कलाकार कोर्टात जाऊ शकतो, अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पावरून दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिलाय. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, देशाबाहेर न्यायचा विचारही परवानगीशिवाय नको.

पैसे

हो, मिळतात, उशिरा मिळतात. संग्रहालयात किंवा गॅलरीत असिस्टंटची नोकरी हा सगळ्यात स्थिर मार्ग, पगार सुरुवातीला बेताचा पण कामं सगळी शिकायला मिळतात, रजिस्टर लिहिण्यापासून कस्टमपर्यंत. फ्रीलान्स करायचं तर करार लेखी, सुरुवातीला ॲडव्हान्स, मध्ये एक हप्ता, उरलेले ओपनिंगच्या आत, नंतर नाही, कारण ओपनिंग झाल्यावर तुमची गरज संपलेली असते. प्रदर्शन रद्द झालं तर झालेल्या कामाचे किती, हे पण लिहून घ्या. बिलातून टीडीएस (आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) कापला जाईल तो तुमच्या नावावर भरलाय का ते प्राप्तिकर खात्याच्या साइटवर बघत जा. बिनपगारी इंटर्नशिप सहा-आठ आठवड्यांची ठीक, त्यापुढे ते तुम्हाला वापरून घेतायत.

आणि एक प्रकार ओळखून ठेवा. व्हॉट्सॲपवर येतं ना, "अमुक हजार भरा, ग्रुप शोमध्ये दोन चित्रं लावा, सर्टिफिकेट मिळेल", खाली क्युरेटर म्हणून कुणाचं तरी नाव. ते भिंत भाड्याने देणं आहे. धंदा म्हणून करायचा तर करा बापडे, पण तुमच्या सीव्हीत ते क्युरेशन म्हणून लिहू नका, या क्षेत्रातली माणसं कमी आहेत आणि सगळ्यांना सगळं कळतं.

पुढचं काम मागताना

प्रदर्शन उतरवायच्या आधी चांगले फोटो काढून घ्या, रिकाम्या हॉलचे, माणसांसकट, आणि प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून एक. वस्तू परत देताना कंडिशन रिपोर्टवर मालकाची सही घ्या. मग एक पीडीएफ करा, दहा पानांच्या आत: प्रश्न काय होता ते एका परिच्छेदात, नकाशा, फोटो, वस्तूंची यादी, खर्च किती आला, आणि पुढे काय करायचंय. संग्रहालयांकडे, गॅलऱ्यांकडे पाठवताना त्यांनी गेल्या वर्षभरात काय दाखवलंय ते बघून पत्र लिहा, सगळ्यांना एकच मेल पाठवला की लगेच कळतो. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे भारतीय भाषांमध्ये अर्ज करता येतो, तेव्हा इंग्रजी कच्चं आहे म्हणून अडू नका. कोचीच्या स्टुडंट्स बिएनालेवर लक्ष ठेवा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा फोन करा, तरी नाही आलं तर पुढच्या वर्षी नवीन काम घेऊन परत पाठवा.